बाईंचे बिनभाड्याचे भाडेकरू

बाईंच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला मला बंदी होती. त्यांच्या जंतूंमुळे माझं दूध नासेल म्हणून नव्हे, माझ्या दुधामुळे त्यांचे जंतू बिघडतील म्हणून.

आता मी अंबडला असते. स्वतःचा फ्रिज आहे, त्यात दूध आहे, ताक आहे, कालची भाजी आहे. तरी दार उघडताना हात क्षणभर थांबतोच. आत कुणी झोपलंय आणि आपण उगाच उजेड केला, असं वाटतं. ही सवय बाईंनी लावली आणि ती काही केल्या जात नाही.

मी मूळची परतूरची, नर्स. कुंभार पिंपळगावच्या दवाखान्यात नेमणूक झाली आणि खोली शोधत शोधत बाईंच्या दारात जाऊन उभी राहिले, नाव-गाव सांगितलं. बाई म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. लग्न केलं नव्हतं. आपल्या पगारातून घर बांधलं होतं आणि त्यातली रस्त्याकडची खोली भाड्यानं द्यायच्या. दुसरी कुणी घरमालकीण असती तर विचारलं असतं, कुणाची तू, पाहुणे किती येतात, रात्री लाइट कधी बंद करतेस. बाईंनी माझा हात हातात घेतला, पालथा केला, नखं निरखली आणि विचारलं, "हितं कोण राहतं?"

मी म्हणाले, "कुणी नाही. मी साबणानं हात धुऊन आलेय."

"धुतल्यावर बी राहतात. ह्या एका नखात तुझं परतूर मावंल एवढी वस्ती हाय," असं म्हणून त्यांनी हात सोडला आणि खोलीची किल्ली दिली. भाड्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी मलाच काढावं लागलं.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. मी दिवसभर दवाखान्यात जंतू मारणार. सुया उकळा, फरशी फिनेलनं पुसा, येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगा की बाळाला हात लावायच्या आधी हात धुवा. आणि संध्याकाळी घरी यावं तर घरमालकीण ओट्यापाशी उभी राहून जंतूंचा स्वयंपाक करतेय. हो, स्वयंपाकच. बाईंकडे दोन कुकर होते. एक भातावरणाचा आणि एक 'मंडळींचा'. मंडळींच्या कुकरमध्ये बटाट्याचं पाणी, गूळ, चिमटीभर मीठ आणि ते सगळं वडीसारखं थिजावं म्हणून चायना ग्रास घालून बाटल्या उकळल्या जायच्या. भाताच्या शिट्ट्यांकडे त्यांचं लक्ष नसायचं, भात तर कित्येकदा लागायचा. पण मंडळींच्या कुकरपुढून त्या हलायच्या नाहीत.

चायना ग्रास त्या गावातल्याच सेठजींच्या दुकानातून आणायच्या. सेठजींचे पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले होते, पण त्यांची मराठी माझ्यापेक्षा गावरान. एकदा मी सोबत होते. सेठजी म्हणाले, "बाई, ही चीज आमच्या घरी बी दिवाळीलाच लागते. तुमच्याकडं दररोज पाहुणे हायत का?"

"हायत ना सेठ, लई हायत. बोलत न्हाईत, तेवढं बरं."

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्याच्या पोत्याकडे पाहिलं. दुसरं काय करणार.

बाईंची दुसरी खोड माती चाखायची. कुठंही गेल्या की वाकायच्या, चिमूट उचलायच्या आणि जिभेवर ठेवायच्या. मग डोळे बारीक करून, लोणच्याची फोड तोंडात घोळवावी तशी घोळवायच्या आणि रुमालात थुंकायच्या. बाजारात मुळे घेताना मुळ्याला चिकटलेली माती चाखायच्या, मुळा मात्र न घेताच पुढं जायच्या. अंबडला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. जेवणाच्या मांडवामागं बाई दिसेनात म्हणून बघायला गेले, तर ह्या उकिडव्या बसून माती चाखताहेत आणि नवऱ्याकडची दोन म्हातारी माणसं हात बांधून बघताहेत. बाई त्यांना म्हणाल्या, "जमीन चांगली हाय तुमची. पोरगी सुखात ऱ्हाईल." ती माणसं इतकी खूश झाली की त्यांनी आम्हाला हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं.

मी रागवायचे. "बाई, जंत होतील पोटात."

"होऊ दे. त्यांना बी कुठंतरी राहावं लागतंच की."

मग मी दवाखान्यातून जंताची गोळी आणून समोर उभी राहून त्यांना गिळायला लावायचे. गिळून झालं की त्या पोटावर हात ठेवून "बिचारे" म्हणायच्या. अशा माणसाशी भांडून भांडून किती भांडणार? मला त्यांचा राग यायचा, आणि दवाखान्यातून घरी जाताना पावलं भरभर पडायची ती पण त्यांच्याचसाठी. आज काय नवीन काढलं असेल, ही हुरहूर मला त्यांच्याचकडून लागली.

हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता, ते मला एका रविवारी कळलं. बाई मला त्यांच्या दादांच्या शेतावर घेऊन गेल्या. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वडिलांची जमीन दादांच्या नावावर होती. बहिणीनं हक्क सोडायचा असतो, तसा बाईंनी तरुणपणीच सही करून सोडला होता. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही, निदान बोलून दाखवलं नाही. बाकीची जमीन काळी, चांगली. पण कालव्याच्या अंगाला एक तुकडा होता, त्याला घरात 'खारं वावर' म्हणायचे. कालवा आला, पाणी फुकटासारखं मिळालं, लोकांनी उसाला पाणी देऊन देऊन जमीन भिजत ठेवली आणि खालचा क्षार वर आला. मी पाहिलं तेव्हा उन्हात ते वावर पांढरंफटक दिसत होतं. पाय ठेवला की वरची पापडी मोडायची. गहू पेरला तर उगवायचा, पिवळा पडायचा आणि मरायचा. जगली होती ती फक्त हरळी. त्या पांढऱ्यात मधे मधे हिरवी, चिवट हरळी.

बाईंनी हरळीची एक मुळी उपटून माझ्या तोंडासमोर धरली. "सगळे मेले, ही का न्हाई मेली?"

मी म्हणाले, "तण आहे. तण कधी मरतं का?"

"ह्ये उत्तर न्हाई, ही चिडचिड झाली," त्या म्हणाल्या. "हिच्या मुळाशी कोण राहतं, ते बघायचं."

तर मंडळी तिथून आली होती. हरळीच्या मुळाची माती खाऱ्या बटाट्याच्या पाण्यात टाकायची, त्या खारात जो मरेल त्याला मरू द्यायचं, जो तग धरेल त्याला वेगळं काढून वाढवायचं. हे त्या निवृत्त झाल्यापासून करत होत्या. शाळेनं मोडीत काढलेली एक दुर्बीण होती, सूक्ष्मदर्शक म्हणतो ती. तिची एक काच तडकलेली. तिच्यातून बघून त्यांनी एकेकाला नावं ठेवली होती. एक जात 'आळशी', एक 'पिवळे', आणि सगळ्यांत लाडकी जात 'जावई'.

"जावई का?" मी विचारलं.

"गूळ लागतो, गारवा लागतो, जरा कमीजास्त झालेलं खपत न्हाई. पण एकदा का मुळाच्या घरात शिरले की सासऱ्याला मरू देत न्हाईत."

नुसत्या नावावर मी सोडणार नव्हते. मी नर्स, मला कळायला हवं होतं की हे टीचभर जंतू मिठाचं करतात काय. खातात का मीठ? बाई भाकरी थापत होत्या, हात तसेच पिठाचे ठेवून माझ्याकडे वळल्या.

"मीठ कोण खातंय? मीठ हाय तेवढंच ऱ्हातं. थोडंफार त्यांच्या चिकट लाळेत अडकतं, बस्स. खरी गंमत दुसरीच हाय. मीठ वाढलं की मूळ घाबरतं. घाबरलं की आतल्या आत एक वायू करतं अन् सगळ्या झाडाला निरोप देतं, वाढू नका, थांबा, दिवस वाईट हायत. जरा थांबलं तर बरंच असतं. पण ते थांबूनच ऱ्हातं, अन् थांबून थांबून मरतं. आपले जावई त्या वायूचा कच्चा मालच खाऊन टाकतात. निरोप पोचतच न्हाई. मंग मूळ आपलं चाललं खाली, मीठ असू दे न्हाईतर नसू दे."

"आणि त्यांना काय मिळतं?"

"मूळ गोड पाझरतं, ते खातात. भाडं न्हाई, जेवण फुकट, तरी घरमालकाची एवढी काळजी घेतात." मग माझ्याकडे बघून, "तू कवा घेते?"

तव्यावरची भाकरी तोवर करपली होती. तीच आम्ही खाल्ली.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्यांच्या हातून झालं. वहिनी म्हणजे दादांच्या बायको. अत्यंत स्वच्छ, अत्यंत सोवळ्याच्या, आणि मनानं चांगल्या. पण बाईंचं आणि त्यांचं फाटलेलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. फार वर्षांपूर्वी दादांकडे सत्यनारायण होता. घर पाहुण्यांनी भरलेलं. बाईंनी पंचामृताचा एक थेंब काचेवर घेतला, दुर्बिणीखाली धरला आणि भर मांडवात आनंदानं जाहीर केलं, "वहिनी, ह्याच्यात केवढी वस्ती हाय या बघायला." दह्यातले जंतू होते, चांगलेच होते, बाईंना कौतुकच करायचं होतं. पण पाहुण्यांनी पंचामृताच्या वाट्या खाली ठेवल्या. तेव्हापासून वहिनींनी बाईंच्या घरचं पाणी सोडलं. सणावाराला ताट पाठवायच्या, बोलायच्या, पण बाईंच्या उंबऱ्याच्या आत येऊन कशाला हात म्हणून लावायच्या नाहीत.

मी तिथं गेल्याच्या दुसऱ्या वर्षी भट्टीवाला आला. विटांची भट्टी होती त्याची, आणि त्याला माती हवी होती. दादांना म्हणाला, खाऱ्या वावरात काही पिकत न्हाई, वरची माती मी उचलून नेतो. दादांना त्यात वावगं वाटेना. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. बाई मात्र जेवता जेवता ताटावरून उठल्या आणि तशाच उष्ट्या हातानं दादांच्या घरी गेल्या. मी मागं मागं.

"दादा, तुम्ही माती भाजायला दिऊन राह्यले?"

"मिठाची माती हाय ती. काय करायची ठिऊन?"

"आत कोण कोण राहतं त्याचा अजून मला पत्ता लागला न्हाई. निम्मे बी वळखीचे झाले न्हाईत. अन् तुम्ही घरासकट जाळायला निघाले. भाजलेल्या विटंत पुन्हा कोण राहायला येणार हाय?"

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर दादा हसले असते. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मीही पहिल्यांदाच पाहत होते. दादांनी टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी म्हणाले, "ह्या रब्बीला गहू टाकून बघ तुझ्या पद्धतीनं. वंबी धरली तर भट्टीवाल्याला न्हाई म्हणतो. न्हाई धरली, तर मंग पुन्हा आडवी येऊ नको."

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात लगीनघाई होती. बाईंनी आपले सगळे जावई वाढवायला घेतले. फ्रिजमधल्या बाटल्या रिकाम्या होत होत्या, कुकर दिवसभर शिट्ट्या मारत होता, आणि शेवटी एक मोठी निळी बादली भरली. वर पातळ साय, वास ओल्या मातीचा आणि जरासा आंबूस. बाई त्यात दोन बोटं बुडवायच्या आणि बोटं लांब करायच्या. मधे चिकट तार सुटली की म्हणायच्या, "मजेत हायत." बियाणं ह्या पाण्यात घोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं, एवढंच काम. पेरणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघींनी बादली उचलून दादांच्या ओसरीवर नेऊन ठेवली, कारण सकाळी ट्रॅक्टर तिथूनच निघणार होता.

सकाळी आम्ही वावरात पोचलो. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, दादा, सगळे आले होते. पाठीमागून बैलगाडीत वहिनी आल्या आणि त्यांच्या मांडीशी एक तांब्याचा हंडा. लखलखीत. त्याला हळदीकुंकू लावलेलं, गळ्याशी आंब्याचा डहाळा.

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवीन सून पहिला स्वयंपाक वाढते तसा भाव होता, "लक्ष्मीचं काम हाय. पिलास्टिकच्या बादलीत कसं न्यायचं? म्या कालच सगळं हंड्यात वतलं. माझ्या माह्यारचा हंडा हाय, चिंच लावून घासला."

मला काय झालं ते तत्क्षणी कळलं. मी स्वतः गावातल्या बायांना सांगत आले होते, प्यायचं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवा. का ठेवा? तर तांबं जंतूंना जगू देत नाही. आणि हे तर आंबूस पाणी, रात्रभर तांब्यात. बाईंनी वाकून पाहिलं. कडेनं हिरवट रंग उतरला होता. दोन बोटं बुडवली, लांब केली. तार सुटली नाही. नाकाशी नेली. मी तोंड उघडलं, "वहिनी, तांब्यात तर..." आणि माझ्या पायात कळ उठली. बाईंनी आपला कॅनव्हासचा बूट माझ्या पायावर दाबून धरला होता.

"केवढा घासलाय हो वहिनी," बाई म्हणाल्या. "आरसा केलाय निव्वळ."

वहिनी लाजल्या.

मग बाईंनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. बांधाच्या कोपऱ्याला शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. बाई त्याला जन्मभर 'तो दगड' म्हणत आल्या होत्या. आता म्हणाल्या, "वहिनी, एवढ्या मानाचा हंडा, मंग आधी त्येला. सगळा तिथं वता. वावराचा राखणदार तोच हाय." आणि स्वतः पुढं जाऊन म्हसोबासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. वहिनी बघतच राहिल्या. मग हंडा कमरेवर घेऊन गेल्या आणि म्हसोबाच्या पायाशी सगळा रिकामा केला. पाणी बांधावरून खाली वावरात उतरलं.

"अन् बियाला?" दादांनी विचारलं.

"बियाला जागेवरची माती लागती. घमेलं द्या."

पेरणी पुढं ढकलता येत नव्हती. वापसा होता, म्हणजे पेरणीजोगी ओल, तो दोन दिवसांत उडाला असता, आणि ट्रॅक्टरवाला तर आत्ताच "बाई, जल्दी करा, मला अजून दुसऱ्याचं वावर हाय" म्हणत होता. आम्ही तिघी त्या पांढऱ्यात बसलो आणि हरळी खणली. मुळ्या झटकून झटकून माती घमेल्यात पाडली. वहिनींनी म्हसोबासाठी गूळ आणला होता, तो पाण्यात कालवला. त्याचा गिलावा करून ताडपत्रीवरच्या गव्हाला चोळला. वहिनी कोपरापर्यंत चिखलात होत्या. बाईंच्या चिखलात. बाभळीच्या सावलीत बी सुकलं आणि पेरून झालं.

घरी येईपर्यंत मी फणफणत होते. "सांगितलं का नाही त्यांना? वर्षानुवर्षांची मेहनत गेली."

"माह्यारचा हंडा काढला तिनं, सिस्टर."

एवढंच बोलल्या. मग हंड्याच्या तळाचा थेंबभर सोबत आणला होता तो काचेवर ठेवून दुर्बिणीला डोळा लावला. एरवी त्या थेंबात जत्रा भरलेली असायची, मीही पाहिली होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मला बघायला दिलं. काही हलत नव्हतं.

"जावई गेले," बाई म्हणाल्या.

"सगळे?"

"फ्रिजातल्या नळीत थोडे हायत, पुन्हा वाढतील. त्येचं दुःख न्हाई." त्यांनी काच पुसली. "हरळीच्या मातीत कोण कोण आलं असंल, चांगले, वाईट, आळशी, सगळीच गर्दी. आता गहू आला तरी मला कळणार न्हाई कोणामुळं आला. मरला तरी कळणार न्हाई. एवढंच तर बघायचं व्हतं."

मला तेव्हा समजलं की त्यांनी वहिनींसाठी काय टाकलं होतं. शेत जाईल ही भीती होतीच. पण बाईंना शेतापेक्षा उत्तर हवं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं चिखलात कालवलं होतं. मी त्या दिवशी त्यांच्या फ्रिजमधली माझी लपवलेली साय काढून टाकली. तेवढंच मला सुचलं.

पुढचे दोन-तीन महिने बाई वावरातच असायच्या. पोटावर झोपून कोंबांकडे बघायच्या. गहू उगवला. मग पिवळा पडायला लागला, आणि मी मनाची तयारी केली. काही पट्टे मेलेच. पण काही पट्टे पिवळे पडता पडता थांबले, आठवडाभर तसेच विचार करत राहिले आणि पुन्हा हिरवे झाले. भट्टीवाला मधे मधे येऊन बांधावर उभा राहायचा. बाई त्याला चहा द्यायच्या आणि त्याच्या बुटाची माती खरवडून घ्यायच्या.

त्याच सुमारास वहिनी दवाखान्यात बीपी दाखवायला आल्या. मी पट्टा बांधला, हवा भरायला लागले.

"सिस्टर, हंड्यानं मारले ना ते?"

माझा हात थांबला. "बीपी बघताना बोलू नका," मी म्हणाले.

"म्या तवाच वळखलं. वन्संनी तुमच्या पायावर पाय दिला ते म्या पाह्यलं. अन् त्या म्हसोबाला हात जोडायला लागल्या, मंग तर शंकाच ऱ्हायली न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"पंचामिरताच्या टायमाला माझी एवढी इज्जत काढली व्हती त्यांनी, अन् आता मला झाकाया त्या दगडापुढं वाकल्या. मंग म्या काय बोलू सांगा." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "वन्संला सांगू नका मला म्हाईत हाय म्हणून. त्यांचं मन मोडंल."

मी हवा सोडली. बीपी वाढलेलं होतं, ते काही नवल नाही. मी बाईंना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

ओंब्या धरल्यावर दादा एका सकाळी आम्हा सगळ्यांना घेऊन वावरात गेले. उभं पीक म्हणावं असं ते नव्हतं. मधे मधे टकलं होती, निम्म्या वावरात तर पांढरी पापडीच. पण जिथं होता तिथं गहू ओंबी धरून उभा होता. दादांनी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"भट्टीवाल्याला म्या कालच सांगितलं," ते म्हणाले. "दुसरीकडं बघ म्हणलं. आता पुढच्या साली काय करायचं ते तू बघ."

बाईंनी मान हलवली. मला वाटलं होतं, त्या रडतील, निदान हसतील तरी. पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या बांधाच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. म्हसोबाच्या पायाशी, जिथं तो मेलेला हंडा ओतला होता, तिथं चार हात जागेत गहू सगळ्या वावराहून उंच, गर्द आणि दाट उभा होता.

बाई पळतच गेल्या. गुडघ्यावर बसल्या, बोटांनी माती उकरली, एक मूळ सोडवून डोळ्याशी धरलं, मग जिभेला लावलं. "सगळे मेले व्हते," त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. "म्या बघितलं ना, सगळे मेले व्हते. मंग हंड्यातल्या गुळानं इथलेच जागे झाले का? का एखादा वाचला? का त्या तांब्याचंच काही..."

ऊन वाढलं होतं. वहिनी जवळ गेल्या आणि बाईंच्या डोक्यावर आपल्या पदराची सावली धरून उभ्या राहिल्या. मग हळूच, जरा भीतभीत, वाकल्या. चिमूटभर माती उचलली. आयुष्यभर सोवळं पाळलेल्या त्या बाईनं ती जिभेच्या टोकाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "हितं कोण राहतं?"

बाईंनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"म्हाईत न्हाई, वहिनी," त्या म्हणाल्या, आणि वहिनींसाठी शेजारी जागा केली.